भाचजावयाची ठकी

चित्रामावशींना संशय घेतल्याशिवाय चहा गोड लागत नसे. कॅनडातल्या रेजिनात येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, पण ग्रोसरीतल्या दुधावरची तारीख त्या अजूनही दोनदा वाचत, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. शेजाऱ्याने न सांगता त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, तर "याला काय हवंय आता?" हा पहिला प्रश्न. नवरा दीनानाथ, रिटायर्ड प्रोफेसर, म्हणायचे, "अगं, चांगुलपणा असतो माणसात." त्यावर मावशी म्हणायच्या, "असतो ना. बघू किती दिवस टिकतो ते."

अशा बाईच्या बेसमेंटमध्ये भाचजावई राहायला आला, आणि येताना आठ फुटी साप घेऊन आला. आता बोला!

साप बोआ जातीचा, अजगरासारखा बिनविषारी, मादी, नाव ठकी. उन्मेषची सरकारी नोकरी रेजिनात, पण कुठूनही करता येण्यासारखी. बायको स्वप्नाली व्हँकुव्हरला सिनेमांच्या ग्राफिक्सचं काम करायची. स्वप्नाली म्हणजे मावशींच्या बहिणीची एकुलती एक लेक. उन्मेषने तिकडे जावं, तर तिच्या काँडोत सापाला परवानगी नाही, आणि साप ठेवू देणारं दुसरं घर तिकडे सापडत नव्हतं. ते सापडेपर्यंत इथे राहा, असं दीनानाथांनीच परस्पर सांगून टाकलं. मावशींना विचारायची त्यांची काय छाती होती म्हणा.

"सापासाठी कोणी बायको सोडून राहतं का?" मावशी म्हणाल्या. "काहीतरी पाणी मुरतंय. माझं ऐकून ठेवा. पोरीचा संसार मोडला तर ताईला तोंड मी दाखवायचंय, तुम्ही नाही."

दीनानाथांनी पेपर तोंडासमोर धरला.

बरं, थेट विचारायची सोय नव्हती. जावई तो जावई. वयाने पोरगेला असला तरी "उन्मेषराव, जेवलात का?" याच्यापलीकडे जायचं नाही, असं मावशींचं वळण. मग त्यांनी नजर ठेवायला सुरुवात केली.

उन्मेषने बिचाऱ्याने सगळं कौतुकाने दाखवलं. भिंतभर लांबीची काचेची पेटी. एक बाजू गरम, एक गार, म्हणजे ठकीला हवं तिथे जाऊन पडता येतं. पेटीला कुलूप. खायला उंदीर, पण मेलेले आणि फ्रोझन, त्यांचा छोटा फ्रीझर वेगळा. गोठलेला उंदीर आधी नीट वितळवायचा, मग गरम पाण्याने कोमट करायचा, आणि लांब चिमट्यात धरून द्यायचा. तेही तीन-चार आठवड्यांतून एकदा. त्यानंतर दोन दिवस तिला हात लावायचा नाही.

"जिवंत का नाही देत?" दीनानाथांनी विचारलं.

"जिवंत उंदीर चावतो, काका. सापाला जखमा होतात. आणि उंदराचेही हाल कशाला?"

मावशी म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात त्यातलं काही शिवता कामा नये." उन्मेषने शब्द दिला आणि तो पाळलाही. त्याचाच त्यांना संशय आला. इतका शहाण्यासारखा वागणारा पुरुष त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि लग्नाला तर पन्नास वर्षं होत आली होती.

मग एका रविवारी ती मुलगी दिसली.

बाजूच्या दाराने आली, अर्धा-पाऊण तास खाली थांबली, आणि ओले हात जीन्सला पुसत निघून गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मावशी वरच्या खिडकीत पडद्याआड उभ्या.

उन्मेषने न विचारता सांगितलं ते असं: कृतिका, मूळची इंदूरची, प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. "एवढ्या मोठ्या सापाला एकट्याने खायला घालायचं नसतं, मावशी. भूक लागली की समोर कोण आहे ते तिला कळत नाही, फक्त ऊब कळते. चुकून हात धरलाच, तर सोडवायला दुसरं माणूस लागतं. काकांना उंदीर बघूनच भोवळ येते."

"हो का!" मावशी म्हणाल्या. आणि वर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "मेलेला उंदीर भरवायला बाई लागते म्हणे! मला शेंडी लावतो काय?"

फोन हातात घेऊन त्यांनी स्वप्नालीचा नंबर काढला, आणि ठेवून दिला. पोरगी एकटी, परक्या गावात. तिच्या जिवाला घोर लावायचा आणि पुरावा काय, तर ओले हात! त्यापेक्षा मुळावरच घाव घालू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या खेपेला कृतिका आली तेव्हा मावशी बाजूच्या दारात तुळशीच्या कुंडीला पाणी घालत उभ्याच होत्या.

"बेटा," त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या, "उसकी बायको व्हँकुव्हर में है. मालूम है ना? अकेले आदमी के घर में बार बार आना अच्छा नहीं दिखता."

कृतिका आधी हसली. मग तिला त्याचा अर्थ नीट लागला आणि तिचं तोंड लाल झालं. "आंटी, मैं साँप के लिए आती हूँ," एवढंच बोलून ती तशीच परत गेली. उन्मेषला तिने फक्त कळवलं, की आता जमणार नाही, काम वाढलंय.

मावशींना रात्री गाढ झोप लागली. पोरीचा संसार वाचवला होता ना!

खाली मात्र ठकीचं जेवण लांबलं. उन्मेषने दोघा-तिघांना विचारून पाहिलं. साप म्हटल्यावर जो तो काढता पाय घेई. एकट्याने खायला घालायला तो तयार नव्हता. दीनानाथांना म्हणाला, "ती उपाशी मरणार नाही, काका, बरेच दिवस राहू शकते. पण आता पेटीजवळ कोणी आलं की तिला वाटतं, जेवण आलं." हे मावशींनी जिन्यातून ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं.

मग आली नागपंचमी.

त्या दिवशी मावशी काही चिरत नसत, तळत नसत; पुरणाचे दिंड उकडायच्या आणि पाटावर गंधाने नाग काढून पुजायच्या. यंदा गंध उगाळताना त्यांच्या मनात आलं, अरे, घरात साक्षात नागोबा असताना मी पाटावर काय काढतेय? माणूस लबाड असेल, देवाने काय घोडं मारलंय? आता खरं सांगायचं तर सगळी भक्तीच होती असं नाही. जावयाच्या खोलीत एकदा नजर फिरवायची हौसही होती.

बेसमेंटच्या वॉशरूममधून शॉवरचा आवाज येत होता. मावशी दबक्या पावलांनी खाली उतरल्या. हातात तबक, त्यात हळदकुंकू, लाह्या आणि वाटीभर कोमट दूध. पेटीची किल्ली भिंतीवर खिळ्याला होती. त्यांनी कुलूप काढलं, काच सरकवली, "नागोबा, सांभाळ रे बाबा सगळ्यांना," असं म्हणत वाटी आत ठेवायला हात घातला.

ठकी आली ते त्यांना दिसलंच नाही. मनगटाच्या वर एकदम करकचून काहीतरी बसलं, वाटी उडाली, आणि पाहतात तर कोपरापर्यंत विळखा. एक, त्यावर दुसरा. हात जड, मग बधिर. मावशी किंचाळल्या. वर दीनानाथ कानाला हेडफोन लावून कीर्तन ऐकत होते.

उन्मेष धावत आला तो टॉवेलवर, केसांना साबण.

"ओढू नका! मावशी, हात ओढू नका! तिचे दात आत वळलेले असतात, मांस फाटेल. मी शेपटीकडून सोडवतो. दुसऱ्या हाताने तिचं डोकं धरा."

"मी? अहो, मला नाही..."

"दुसरं कोणी नाहीये इथे! धरा!"

मावशींनी धरलं. ते डोकं गार, गुळगुळीत आणि भयंकर ताकदीचं होतं. रामराम म्हणत त्या दाबून राहिल्या आणि उन्मेष शेपटीपासून एकेक वेढा उलगडत आला. मग टेबलावरचं हँड सॅनिटायझर त्याने ठकीच्या ओठांशी ओतलं. त्या जळजळीने तिने तोंड उघडलं. तिला पेटीत सोडून त्याने आधी कुलूप लावलं, मगच तो खाली बसला.

जखमा नळाखाली धुऊन होईपर्यंत दीनानाथ खाली आले. रक्त आणि सांडलेलं दूध पाहून म्हातारा भडकला. "उद्याच्या उद्या हा प्राणी माझ्या घरातून गेला पाहिजे! आणि त्याच्याबरोबर तुम्हीही!"

"चूक माझी आहे, काका," उन्मेष मान खाली घालून म्हणाला. "कुलूप लावायला मी विसरलो."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर त्या लोकांचं खोटं पकडत आल्या, आणि हे तर तोंडावर सांगितलेलं, तेही त्यांना वाचवायला. त्यांना रडूच आलं.

"खोटं बोलतायत ते," त्या म्हणाल्या. "कुलूप लावलेलं होतं. किल्ली मी काढली. आणि त्या कृतिकेलाही मीच घालवलं. नाही नाही ते बोलले तिला. म्हणून हा साप इतके दिवस उपाशी आहे. यांचा काही दोष नाही हो."

दीनानाथ पायरीवर बसले. उन्मेषच्या हातातलं बँडेज तसंच राहिलं. मग त्याने पट्टी नीट गुंडाळली, टोक चिकटवलं आणि शांतपणे म्हणाला, "दवाखान्यात जाऊ या. मी कपडे बदलून येतो." आतल्या दाराशी तो थांबला.

"मावशी, आणखी काही आहे का?"

"नाही हो. एवढंच."

"स्वप्नालीला काही सांगितलंत?"

"देवाशपथ नाही. फोन उचलला होता, पण केला नाही."

उन्मेषने मान डोलावली, फोन घेतला आणि आत जाऊन दार लोटलं. पण त्याचा आवाज बाहेर येत होता.

"स्वप्ना, घाबरू नकोस. मला फक्त खरं सांग. मावशी तुला माझ्याबद्दल काय काय म्हणाल्यात?"

मावशी बँडेजवर दुसरा हात ठेवून ऐकत राहिल्या. स्वप्नालीला त्या खरंच काही बोलल्या नव्हत्या, आणि ते आता कोणाला कसं पटवायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.