गुलाबांमधली मुलाखत

पाहुण्यांसाठी आणलेले गुलाब आज माझ्या टेबलावर आहेत. त्यांच्या ओल्या पानांच्या वासाने मी मनाने नाशिकबाहेरच्या आमच्या गुलाबांच्या पॉलीहाऊसमध्ये जाऊन पोचले. तेव्हा घरी रेंज नसायची, म्हणून काही वर्षांपूर्वी तिथे उभी राहून मी फोनवर मुलाखत देत होते. कंट्रोल इंजिनिअरिंगमधल्या संशोधन सहायकाची जागा होती. आधी दोन ठिकाणी नकार आला होता.

पलीकडून प्रश्न आला, "केलेल्या बदलाचा परिणाम उशिरा दिसत असेल, तर तापमान कसं सांभाळाल?"

मी मान वर केली. समोर दुधी उजेडात आई हँडल फिरवत बाजूचा पडदा हळूहळू वर गुंडाळत होती. हवा अजून तापलेलीच होती, तरी ती मध्येच थांबली.

फोनवर हात ठेवून मी विचारलं, "आई, थांबलीस का गं?"

"गारवा मागून येतो. आत्ताच समदं उघडलं तर नंतर लय गार होईल."

तेच मी माझ्या भाषेत सांगितलं. जागा मिळाली.

आज तशाच जागेची जाहिरात मी लिहितेय. 'किमान पात्रता' लिहिताना हात थांबला. आई आठवी शिकलेली. तिचा अर्ज मीच पहिल्या चाळणीत बाद केला असता.