निर्माल्याची पिशवी

देवाची फुलं मी कधी कचऱ्यात टाकत नाही. सुकलेला झेंडू, दुर्वा, बेलाची पानं वेगळ्या पिशवीत बांधतो आणि सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मंगलबाईंना देताना न चुकता बजावतो, "बाई, निर्माल्य आहे. कुणाचा पाय लागू देऊ नका."

आज त्यांच्या उजव्या तळहाताला चिंधी बांधलेली दिसली. तिच्यावर रक्त सुकलं होतं.

"काय झालं हो?"

"काल काच लागली, काका. ओल्या कचऱ्यात होती, भाताखाली. आम्ही हातानंच निवडतो ना."

"कुणाच्या घरची?"

"तुमच्याच बादलीतली."

परवा माझ्या हातून ग्लास फुटला होता. तुकडे गोळा केले आणि समोर दिसली त्या बादलीत लोटले. कागदात गुंडाळायला अर्धं मिनिट लागलं नसतं. आणि सोसायटीच्या सभेत कचरा वेगळा करा म्हणून सर्वांत तावातावानं बोलणारा माणूस मीच! ओला-सुका आम्हाला आत्ता कुठे शिकवावं लागलं. पवित्र-अपवित्र मात्र आम्ही जन्मापासून बिनचूक वेगळं करतो. त्यात कचरा निवडणारा हात कुठल्या बादलीत पडतो, हे कुणी विचारत नाही. वाळल्या फुलाची मला केवढी काळजी!

सवयीनं मी पिशवी पुढे केली.

मंगलबाईच म्हणाल्या, "पाय नाही लागू देत, काका." आणि त्याच बांधलेल्या हातानं पिशवी कपाळाला लावून त्या जिना उतरू लागल्या.