अमडापूरच्या तंबूतलं विमान

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही. शेगावला महाराजांपुढं हात जोडले तेव्हाही नाही. चार बुकं शिकलेला माणूस मी, लिहिताना हात अडखळतो — पण तो अक्षरांपायीच अडखळतो, असं कसं म्हणू?

माझा धाकटा भाऊ किसना. मॅट्रिक झाला आणि विमानदलातून त्याला बोलावणं आलं. माय जाऊ देईना. विमान म्हणजे पडणारच, असं तिला वाटे. महाराष्ट्र तेव्हा नवाच झालेला. अमडापूरच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला — इंग्रजी. एकटा माणूस विमानात बसून समुद्र ओलांडतो, त्याचा. मास्तरांनी किसनाला ती गोष्ट सांगितली होती. तो म्हणाला, "दादा, तू मायले घेऊन जाय ना. मी वावरात राह्यतो. थो पोचला हे तिनं पाह्यलं का मले जाय म्हनते थे."

गेलो, बैलगाडी जुंपून. पडद्यावर खाली नुसतं पाणी, वर तो एकटा, डोळे मिटत चाललेले... मायला बघवेना. ती उठून बाहेर गाडीपाशी जाऊन बसली. मी बसून राहिलो. शेवटपर्यंत. तो उतरला — लोकांनी त्याला कुस्ती मारलेल्या पहिलवानासारखं खांद्यावर घेतलं. इंग्रजी येत नव्हतं मला. पण एवढं कळायला इंग्रजी कशाला लागतं?

बाहेर आलो. मायनं विचारलं, "पोचला काय रे थो?"

गाडी जुंपता जुंपता माझ्या मनात काय होतं? उद्याची वखरणी? नाही. हा साहेब होईल, आणि मी बैलांच्या मागंच राहीन — हे होतं.

"नाही माय. बुडाला."

घरी तिनं किसनाचा हात आपल्या डोक्यावर ठेवला — शपथ घे, जाणार नाही म्हणून.

"माय, थो पोचला वं! मास्तरनं सांगतलं."

"मास्तरनं पाह्यलं काय? थोरला डोयानं पाहून आला."

किसनानं माझ्याकडं पाहिलं. एकच शब्द हवा होता त्याला. मी बैलांना कडबा टाकायला गेलो.

त्यानं शपथ घेतली. आणि पाळली. मला कधी विचारलं नाही — आयुष्यभर एकाच वावरात राबलो, तरी नाही. वरून विमान गेलं की तो वखर थांबवायचा, कपाळावर हात धरून बघायचा, दिसेनासं होईपर्यंत. मी ढेकळांकडं बघायचो. गावात माझा शब्द कोणी खोटा म्हटला नाही — हाच ताठा घेऊन जगलो.

परवा त्याची तेरवी झाली. पंगतीत लोक म्हणाले, "भाऊ असावा तर असा, धाकट्याले कधी अंतर देल्लं नाही."

मी मान हलवली — हो म्हणून.