तीन नंबरचा जॉ

टेकचंद कटरे मूळचे कामठ्याचे. धानाची शेती भावांकडे राहिली आणि ते गोंदियात लोखंड कातायच्या लेथवर कामाला आले, ते इथलेच झाले. आमच्या गल्लीतली सगळी दुकानं राइस मिलच्या कामावर जगतात. टेकचंदभाऊ मिलच्या मोठ्या पुल्या कातून सरळ करत. पुली डगमगली की पट्टा उतरतो आणि मिल थांबते. त्यांच्या पुल्या डगमगत नसत, म्हणून हेमेंद्र शेठच्या मिलचं काम दरवर्षी त्यांच्याकडेच यायचं. बाकी कामं एमआयडीसीतल्या नव्या मशीनवाल्यांनी केव्हाच नेली होती. हे एक काम होतं म्हणून दुकान उघडत होतं.

लेथ जुना, एका बंद कारखान्याच्या लिलावातला. चकही त्याच्यासोबतच आला. चक म्हणजे लेथची मूठ. तिच्यात तीन पोलादी जबडे असतात, त्यांना जॉ म्हणतात. चावी फिरवली की तिन्ही सारखेच सरकतात आणि लोखंड मधोमध धरतात. रोजच्या कामाचे तीन जॉ वेगळे, मोठी पुली धरायचे तीन वेगळे. हे मोठे जॉ भाऊ तेल लावून डालड्याच्या डब्यात ठेवत आणि धानाचा हंगाम जवळ आला की बाहेर काढत.

यंदा दसरा झाला तसा हेमेंद्र शेठने टेम्पो भरून पुल्या आणून टाकल्या.

"मिस्त्री, दिवाली के बाद धान आ जाएगा. मेरे को मिल चालू होना."

"हो जाएगा शेठ. कब नहीं हुआ?"

भाऊंनी डबा उघडला. एक, दोन, तीन. नंबर बरोबर होते. पहिला चकमध्ये शिरला, दुसरा शिरला. तिसरा काही शिरेना. त्यांनी तो पुसला, उजेडात धरला. अंगावर तीनचाच आकडा होता, पण चकच्या आट्यांत बसणारे मागचे दात बारीक. दुसऱ्याच कुठल्या चकचा जॉ.

कसं झालं ते त्यांना तिथेच कळलं. विश्वकर्मा पूजेला आमच्या गल्लीत मशीन फिरत नाही. सगळ्या दुकानांचे सुटे भाग रॉकेलने धुतात, रंगवतात आणि एकाच मांडवात, एकाच पांढऱ्या कापडावर मांडतात. शेंदूर लावतात. संध्याकाळी ज्याने त्याने आपलं ओळखून न्यायचं. लेथ दोनच दुकानांत होते, भाऊंकडे आणि शेजारच्या बिसरामकडे. त्या संध्याकाळी बिसरामची घाई होती. दुकान उठवून तो दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या कोहमाऱ्याला जाणार होता. दोघांनीही आकडे पाहून जॉ उचलले. दात कोणीच पाहिले नाहीत.

"मंग बदलून आना ना जी," घरी त्यांच्या पत्नी धनवंताबाई म्हणाल्या. "कोहमारा का लंडनले हाये?"

भाऊ हसले आणि सकाळच्या एसटीने निघाले. जॉ फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला होता.

कोहमाऱ्याला धाब्यांच्या रांगेत बिसरामचं दुकान. ट्रकचे ब्रेकड्रम घासायचं काम. भाऊंना पाहून तो चहा सांगायला धावला.

"चहा राहू दे. माहा तीन नंबर तुयाकडं आला."

बिसराम थांबला. लेथकडे गेला आणि चकमधला जॉ चावीने बाहेर काढून पुढे धरला. भाऊंनी तो पालथा केला. दात ग्राइंडरने घासून अर्धे झाले होते.

"काऊन रे? घासला काऊन?"

"जातच नव्हता भाऊ. मले वाटलं पूजेच्या पोरायनं रंग मारला, तो दातात बसला असन. दरसाली बसते ना! थोडा घासला, मंग आनखी थोडा घासला."

"आन् आकडा?"

"आकडा तर तीनच होता."

रस्त्यावरून ट्रक जात राहिले. मग बिसरामच म्हणाला, "मी भरून देतो वेल्डिंगनं. दात कानसीनं काढू. तुमी बसा."

तो दिवसभर त्याच जॉला लागला होता. गिऱ्हाईक आलं तर "उद्या ये बे" म्हणून हाकलत होता. तयार झाल्यावर जॉ दिसायला मूळच्यासारखाच होता. स्वतःचा जॉ परत मिळाला तरी बिसरामने तो बाजूला टाकून दिला, चकमध्ये चढवलासुद्धा नाही.

गोंदियात आल्यावर भाऊंनी जॉ घातला. अर्धा गेला आणि अडकला. काढून घासला, पुन्हा घातला. थोडा पुढे गेला. तसा नवा जॉ त्यांनी गावातल्या दुकानात विचारला होता, नागपूरला फोनही लावला होता. ती कंपनीच आता चक बनवत नाही, असं उत्तर आलं. फेसप्लेटवर, म्हणजे लेथच्या सपाट तबकडीवर, बोल्टने पुली बांधता येते, पण एकेका पुलीला अख्खा दिवस जातो. शेठचा मुनीम रोज दारात उभा राहून जायचा. "मिस्त्री, हुआ क्या?"

एका दुपारी मुनीम येऊन गेला आणि भाऊंनी चावीच्या दांड्यावर पाईप चढवला, जोर वाढावा म्हणून. हाताखालच्या प्रत्येकाला त्यांनी बजावलेलं असायचं, चावीवर पाईप चढवायचा नाही. त्यांनी अंगाचा भार दिला. आतून कट्ट असा आवाज आला आणि चावी मोकळी फिरू लागली.

चक उघडला. तिन्ही जॉ ज्या गोल चकतीच्या आट्यांवर चालतात, ती चकतीच चिरली होती. आता रोजच्या कामाचे जॉसुद्धा बसणार नव्हते. भाऊंनी चकतीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग खाली बसले.

फोन त्यांनी स्वतःच लावला. "शेठ, पुली उठा लो. मेरे से नहीं होगा."

हेमेंद्र शेठ रागावला नाही. "ठीक है मिस्त्री, तबीयत संभालो," म्हणाला. तो रागावला असता तर भाऊंना काहीतरी बोलता आलं असतं.

टेम्पो आला. पुल्या चढवायला भाऊंनीच हात लावला. ड्रायव्हरने विचारलं, एमआयडीसीत कुठल्या गेटने जायचं. त्यांनी त्याला रस्ता सांगितला.

घरी धनवंताबाईंनी ताट वाढलं. भाऊ भात कालवत राहिले, घास काही उचलला नाही.

"उद्या दुकानात डबा घेऊन येऊ का घरीच जेवान?" बाईंनी विचारलं.

"घरीच."

"दुकान नाही खोलत का?"

"कायले?" भाऊ म्हणाले आणि ताटातच हात धुतला.