आप्पांनी घातलेले नंबर

बारावीनंतरचे ते तीन आठवडे मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. मावशीचं बेंगळुरूच्या राजाजीनगरातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांच्या आडून समोरच दिसणारी मेट्रो. जून महिना, तरी दुपारी शाल घ्यावीशी वाटेल असा वारा. मी गॅलरीत बसून मेट्रोच्या खिडक्यांतली माणसं बघायची आणि त्यातली एखादी मुलगी निवडून तिचं पुढचं आयुष्य मनात रचत बसायची. ती कुठे उतरेल, कुठल्या इमारतीत शिरेल, तिथे तिला कोण ओळखत असेल. माझं स्वतःचं आयुष्य मात्र असं रचायचा धीर होत नव्हता.

मी कर्नाटकाकडच्या सीमाभागातल्या एका लहान गावातून आले होते. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग तालुक्याला सायन्स. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे आता पुढे काय, हे घरात कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं. शाळेतल्या सरांनी बी.एस्सी. करून मास्तरीण व्हायला सांगितलं. शेजारच्या काकू नर्सिंग म्हणाल्या, कारण त्यांच्या भाचीला त्यातून लगेच नोकरी लागली होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्यांचं ऐकून घेतलं. पुढे सीईटीचा निकाल लागला, रँक बऱ्यापैकी आली आणि इंजिनियरिंग मिळू शकतं असं लोक सांगायला लागले.

इंजिनियरिंगच्या जागेसाठी आपल्याला हवी ती कॉलेजं आणि शाखा क्रमाने भरून द्यायच्या असतात. आप्पांनी त्यासाठी वहीचं मधलं पान काढलं. चार दिवस ते संध्याकाळी बसस्टँडवर जात होते. कंडक्टर लोकांना विचारून त्यांनी प्रत्येक कॉलेजचं घरापासूनचं अंतर काढून आणलं आणि त्याप्रमाणे चौदा नंबर घातले. पहिला नंबर तालुक्याच्या कॉलेजचा, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. शेवटचे चार बेंगळुरूचे.

आप्पा आमच्या गावाला पाणी सोडायचं काम करतात. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे त्यांना पाठ आहे. त्यांनी मला यादी समजावून दिली ती त्याच हिशेबाने. जवळची टाकी आधी भरते, ती भरली की पाणी पुढे जातं. सरकारचंही तसंच असणार. जवळ जागा असेल तर जवळ देतील, नसेल तर लांब. मला ते अगदी बरोबर वाटलं. मी मान हलवली.

मला हवं होतं ते अकराव्या नंबरावर होतं. बेंगळुरूतलं एक जुनं कॉलेज, सिव्हिल इंजिनियरिंग. लहानपणी आप्पांच्या सायकलवर मागे बसून मी गावभर हिंडले होते. रस्त्याखाली कुठला पाइप कुठून कुठे गेलाय हे ते चालत्या सायकलवरून बोट करून सांगायचे. जमिनीखालचं ते न दिसणारं गाव माझ्या डोक्यात तयार झालं होतं, आणि असली गावं शिकायची सोय कुठेतरी असते हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. पण हे मी बोलले नाही. आमच्यात मागायची रीत नव्हती. ताटात जे आधी येईल ते आधी खायचं.

फॉर्म भरायला मला मावशीकडे पाठवलं, कारण तिच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं एक दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणायचे. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर ठेवलेल्या, एका वेळी तिघांशी बोलणाऱ्या. गर्दी इतकी होती की त्यांनी आप्पांचा कागद समोर ठेवला, चौदा नंबर तसेच भरले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मग वाट बघायची होती. खरी जागा द्यायच्या आधी एक तात्पुरती यादी लागते. तुम्ही भरलेल्या क्रमाने तुम्हाला काय मिळू शकतं ते त्यात दिसतं. ती लागेपर्यंत मावशी म्हणाली, चल, शहरातली कॉलेजं तरी बघून ठेवू, बघायला काय जातंय. मावशीचं लग्न होऊन बेंगळुरूत पंचवीस वर्षं झाली होती. तिच्या मराठीत आता थोडंसाठी स्वल्प आणि बरंसाठी सरी हे कन्नड शब्द असे येऊन जायचे की तिचं तिलाही कळायचं नाही. कॉलेज बघायची तिची स्वतःची पद्धत होती. बस दारापर्यंत येते का, हॉस्टेलला वॉचमन म्हातारा आहे की तरुण, आणि कँटीनमध्ये ताक मिळतं का. तरुण वॉचमन असलेली दोन कॉलेजं तिने आतही न जाता नापास केली.

बसवनगुडीकडच्या त्या जुन्या कॉलेजात आम्ही दुपारी पोचलो. मोठमोठी झाडं, खाली पडलेली पिवळी फुलं, आणि मैदानावर पाच-सहा मुलं तीन पायांच्या स्टँडवर दुर्बिणीसारखं काहीतरी लावून उभी होती. मी इतका वेळ बघत राहिले की त्यातल्या एका मुलीने मला हाताने बोलावलं. बघणार का, एवढंच तिने विचारलं. मी डोळा लावला. मैदानाच्या पलीकडे एक मुलगा रंगीत पट्टी धरून उभा होता. त्या पट्टीवरचे आकडे एकदम माझ्यासमोर आले, हात पुढे केला तर बोटाला लागतील इतके जवळ. जमीन कुठे किती उंच आहे ते याने कळतं, ती म्हणाली. आणि उंची कळली की पाणी कुठे जाईल ते सांगता येतं.

तिथून निघाल्यावर बसमध्ये मावशी काय बोलत होती मला ठाऊक नाही. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस मी त्या मैदानावरच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्पुरती यादी लागली. अक्कांच्या दुकानात स्क्रीनवर माझं नाव आलं, आणि समोर तालुक्याचं कॉलेज, इलेक्ट्रॉनिक्स. मावशीने तिथेच माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "पहिल्याच नंबरचं मिळालं गं. नशीब काढलंस."

मी हसायचा प्रयत्न केला. अक्कांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, "तुला हेच पाहिजे होतं ना?"

मी आप्पांच्या यादीतल्या अकराव्या नंबरावर बोट ठेवलं. त्यांनी रांगेतल्या मुलाला थांबायला सांगितलं आणि माझी रँक पुन्हा बघितली. मग यादी बघितली. या रँकला हे अकरावंसुद्धा मिळतंय की, त्या म्हणाल्या. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो. तुझ्या रँकला जे पहिलं मिळतंय तिथे थांबतो. खालचं सगळं सोडून देतो. म्हणून सगळ्यात हवं ते सगळ्यात वर घालायचं असतं, मग ते मिळो न मिळो. आणि मग जरा चिडूनच म्हणाल्या, "हे कुणी असं उलटं लिहून दिलं?"

आप्पांना कुणी उलटं म्हटलेलं मला सहन झालं नाही. मी म्हटलं, उलटं नाही, अंतराप्रमाणे आहे. अक्कांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. नंतर म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत क्रम बदलता येतो. घरी बोलून ये.

मावशीचं मत स्वच्छ होतं. हातातलं सोडू नये, आणि बापाने घातलेले नंबर पोरीने खोडू नयेत. माझ्याकडे राहायचं झालं तर माझं घर आहेच, ती म्हणाली, पण तू आप्पांना विचार आधी. मी गॅलरीत जाऊन फोन लावला. आप्पांना सगळं सांगितलं, कॉम्प्युटर कसा बघतो तेही. ते मध्येच एकदा फक्त "असं व्हय" म्हणाले.

"मग माझं चुकलंच म्हणायचं," शेवटी ते म्हणाले. "पण तू मान हलवली होतीस."

"मला पण ते बरोबर वाटलं होतं, आप्पा. पण मला अकरावं पाहिजे."

एवढं सरळ वाक्य मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. साड्यांच्या मागून एक मेट्रो आली, गेली.

"ते लांब आहे म्हणून खाली घातलं," आप्पा म्हणाले. "वाईट आहे म्हणून न्हवं. तुला लांब पाठवायचा नंबर माझ्या हातानं वर घालवला न्हाई. तो तूच घाल."

मी बरं म्हटलं. आणखी काही म्हणायला हवं होतं, ते आजतागायत राहिलंय.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी एकेक नंबर बदलला. बेंगळुरूची चारही कॉलेजं वर घेतली, ते जुनं सगळ्यात पहिलं, चारही ठिकाणी सिव्हिल. तालुक्याचं शेवटी ठेवलं, पण काढून टाकलं नाही. सेव्ह केल्यावर अक्का म्हणाल्या, सरी, आता घरी जा आणि झोप. त्यांनी आदल्या दिवशी मला तो एक प्रश्न विचारला नसता तर मी काय झाले असते, असा विचार मी अजूनही करते. कदाचित सुखीच झाले असते. पण मग हे लिहिणारी मी नसते.

खरी यादी लागली तेव्हा मला दुसऱ्या नंबरचं मिळालं. मधल्या काळात इतरांनीही आपले क्रम बदलले होते, आणि पिवळ्या फुलांचं ते मैदान थोडक्या रँकने हुकलं. दोन दिवस वाईट वाटलं, मग राहिलं नाही. प्रवेशाला आप्पा आले, कागदांवर सावकाश सह्या केल्या, वॉचमनशी बोलले आणि दुपारच्या गाडीने परत गेले.

पहिल्या दिवशी कॉलेजच्या आवारात मला कुठली इमारत कुठली ते कळेना. एक घोळका जात होता, त्यांच्यामागून मी गेले. मोठा वर्ग, उंच खिडक्या, फळ्यावर इंग्रजीतून भराभर काहीतरी लिहिणाऱ्या मॅडम. मला फारसं काही समजत नव्हतं, तरी मी सगळं उतरवून घेत होते. बाकावर बसलेय, वही उघडी आहे आणि मला कुणी उठवत नाही, एवढ्यानेच माझं मन भरून गेलं होतं. तास संपल्यावर शेजारच्या मुलाने सांगितलं की हा मेकॅनिकलचा वर्ग आहे.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. आज काय शिकवलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही, दुसऱ्याच वर्गात बसले होते. ते हसले. मोठ्याने, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे.

"असू दे," ते म्हणाले. "उद्या विचारून बस."