दगडाबाईंनी निवडलेली खुर्ची

दगडाबाईंचं नाव ऐकलं की गारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेली माणसं आधी हसतात आणि मग ओशाळतात. दगडाबाईंना दोन्हीचं काही वाटत नाही. "हसा की," त्या म्हणतात, "त्या नावावर साठी ओलांडली मी."

त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी मुलगी झाली तेव्हा त्यांच्या आईनं तिला सुपात घातलं आणि ते सूप ओढत उकिरड्यापर्यंत नेलं. तिथं शेजारणीनं लेकरू उचललं, आणि आईनं पसाभर बाजरी देऊन ते तिच्याकडून परत विकत घेतलं. नाव ठेवलं दगडा. पोटची पोर नाही, खरेदीची आहे, आणि तीही दगड; मरणानं हात लावावा असं काही ठेवलंच नाही. पोर जगली. बारशाला आलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले म्हणतात. आईनं कुणाकडे बघितलंसुद्धा नाही.

या आईचा स्वभाव लेकीत उतरला होता, पण तो बरीच वर्षं झाकलेला राहिला. पैठणजवळच्या गावात त्यांना दिलं, आणि त्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही अशी रीत होती. आप्पासाहेब हे ते थोरले दीर. ते समोर आले की दगडाबाई पदर डोक्यावर ओढत आणि बाजूला होत. काही सांगायचंच झालं तर मधे कुणीतरी धरायचं. नवरा असताना नवऱ्याला, तो गेल्यावर मुलगा शिवमला. "आप्पांना सांग, पाहुणे आलेत." आप्पा चार हातांवर उभे असले तरी शिवमनं ते पुन्हा सांगायचं आणि आप्पांनी तेव्हाच ऐकल्यासारखं करायचं.

नवरा गेल्यावर त्या शिवमकडे शहरात, गारखेड्याला आल्या. शिवम वाळूजला कंपनीत, सून तनुजा रक्त तपासायच्या लॅबमध्ये, आणि नात संस्कृती दिवसभर आजीच्या पदराला. गावाकडची जमीन अजून एकत्रच आहे, तिचा कारभार आप्पांकडे. त्यामुळे आप्पांचा शब्द गारखेड्यातही चालायचा.

गाडीतही चालायचा. संस्कृती तान्ही असताना तनुजानं हट्टानं तिच्यासाठी पट्ट्यांची खुर्ची घेतली होती. पण आप्पा गाडीत बसणार असले की शिवम ती गुपचूप डिकीत टाकी. आप्पा पुढच्या सीटवर बसत आणि घरातलं लहान लेकरू त्यांच्या मांडीवर, ही त्या घराची शान होती. मागच्या वर्षी चितेगावजवळ गाडीपुढं म्हैस आली. शिवमनं ब्रेक दाबला आणि आप्पांच्या मांडीवरची संस्कृती समोरच्या फळीवर आदळली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. आप्पा म्हणाले, "चालायचंच, लेकरं पडत्यात." मागच्या सीटवर दगडाबाईंनी पदर दातात धरला. मधे धरायला कुणी नव्हतं, शिवम गाडी चालवत होता.

संस्कृतीला चार वर्षं पूर्ण झाली आणि तान्हेपणची खुर्ची तिला पुरेना. पट्टे खांद्याच्या खालून यायला लागले आणि गुडघे हनुवटीला.

"मोठी झाली," शिवम म्हणाला. "आता नुसती बसेल की."

"नुसती नाही," तनुजा म्हणाली. "गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. तिला वर उचलणारी बूस्टर सीट लागेल."

शिवमनं फोनवर एक शोधूनही ठेवली. तिला पाठ नव्हती, नुसती उशीसारखी बैठक. काखेत मारून नेता येईल एवढीच. "ही बरी. नको तेव्हा काढून ठेवता येते."

"नको तेव्हा म्हंजी कधी?" दगडाबाईंनी विचारलं.

शिवमनं फोन खिशात घातला. नको तेव्हा म्हणजे कधी, हे त्या घरात संस्कृतीलासुद्धा ठाऊक होतं.

"फोनवर घ्यायची नाय," दगडाबाई म्हणाल्या. "चप्पल घ्यायची तर पाय संगं नेतो. खुर्ची घ्यायची तर लेकरू नेऊ, आन गाडी बी नेऊ."

औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराला त्यांनी चांगलंच कामाला लावलं. खुर्च्या दुकानात बघायच्या नाहीत, रस्त्यावर उभ्या केलेल्या आमच्या गाडीत ठेवून दाखवा. बिचारा घामाघूम झाला. पहिली ती उशीसारखी बैठक. संस्कृती बसली, तनुजानं पट्टा लावला. पट्टा मांडीवरून नीट आला, पण वर थेट गळ्यावर.

"अम्मा, वो थोडा ॲडजस्ट हो जाता," दुकानदार म्हणाला. "चार सालके उप्पर सब यहीच लेते."

"गळ्याला काय ॲडजस्ट व्हायचं रं बाबा?" दगडाबाईंनी पट्टा आणि नातीचा गळा यांच्यात बोट घालून बघितलं. बोट कसंबसं गेलं. मग त्या म्हणाल्या, "संस्कृते, झोप बरं. खोटंखोटं."

संस्कृतीनं डोळे मिटले, घोरायला लागली आणि एका अंगावर अशी काही कलंडली की पट्टा पाठीमागे गेला आणि ती खिदळत सीटवर आडवी.

"पैठणला जाताना ही बिडकीन यायच्या आत झोपती," दगडाबाई म्हणाल्या. "काढ ही. दुसरी आण."

दुसरी खुर्ची उंच पाठीची होती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना सुपाच्या कडांसारखा आधार, आणि खांद्याशी पट्टा ओवायची कडी. पट्टा गळा सोडून बरोबर खांद्यावरून उतरला. संस्कृती पुन्हा घोरली, पुन्हा कलंडायला गेली, पण डोकं त्या कडेला टेकलं आणि तिथंच राहिलं. शिवाय त्या उंचीवरून तिला खिडकीबाहेरचं सगळं दिसायला लागलं. समोरच्या गाड्यावरची केळी दिसली. ती उतरायला तयार होईना.

शिवमनं खुर्ची हातांनी मापून बघितली. "आई, ही लई मोठी आहे. डिकीत बसायची नाही. त्यात सामान असलं तर नाहीच नाही."

"म्हनूनच ही घे."

शिवमनं आईकडे बघितलं. तनुजानं दुसरीकडे बघितलं, कारण तिला हसू येत होतं.

आठ-पंधरा दिवसांतच वेळ आली. आप्पांचा नातू ऋतुराज याचा साखरपुडा पैठणला होता. आप्पा आणि थोरल्या जाऊबाई मालनबाई आदल्या दिवशी खरेदीला शहरात आले, गुलमंडीत फिरले आणि गारखेड्यात मुक्कामाला राहिले. सकाळी सगळे शिवमच्या गाडीतून निघणार.

डिकी आहेराच्या पिशव्यांनी भरली. आप्पा पांढऱ्या टोपीत, इस्त्रीच्या धोतरात बाहेर आले आणि हातातली पिशवी ठेवायला त्यांनी मागचं दार उघडलं. आत उंच खुर्चीत, जरीच्या परकरात, पट्टा लावून संस्कृती बसलेली.

"हे काय? देव्हारा बसवला का गाडीत?"

"देवी बी बसलीय की आत," मालनबाई हसल्या.

आप्पा हसले नाहीत. "शिवा, काढ ते. माणसं कुठं बसायची?"

हिशेब सरळ होता. पुढं शिवम आणि आप्पा. मागं खुर्ची, आणि तिच्याशेजारी दोन बाया कशाबशा. तिसरीला जागा नाही. शिवमचा हात दाराकडे गेला.

दगडाबाई पायरीवर उभ्या होत्या, पदर डोक्यावर. "संस्कृते," त्या म्हणाल्या, "आप्पाबाबांना सांग, खुर्ची निघायची नाय."

संस्कृतीला हा खेळ पाठ होता. "आप्पाबाबा, खुर्ची निघायची नाय!"

आप्पांची मान वळली. पण रीत ती रीत. "तुझ्या आजीला सांग, या घरची समदी लेकरं माझ्या मांडीवर वाढली."

"आजी, समदी लेकरं मांडीवर वाढली!"

"सांग त्यांना, कपाळाला टेंगूळ आलं ते बी त्याच मांडीवर."

संस्कृतीनं कपाळ चाचपलं आणि निरोप पोचवायचं विसरली. पोचवायची गरजही नव्हती. समोरच्या घरातली बाई झाडू हातात धरून थांबली होती.

आप्पा आता शिवमशी बोलायला लागले, पण आवाज गल्लीला ऐकू जाईल असा. "शुभकार्याला निघालोय आपण. लेकराला असं बांधून नेतेत व्हय? अपघाताला आवतण देताय तुम्ही. तुझ्या बापानं माझा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. काढ ते."

शिवमनं आईकडे बघितलं, मग आप्पांकडे. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर पडला.

दगडाबाई पायरी उतरल्या. पदर डोक्यावर होता तसाच होता. त्या आप्पांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. बाजूला नाही, समोर.

"आप्पा," त्या म्हणाल्या.

मालनबाईंच्या हातातली पिशवी खाली आली. लग्न होऊन या घरात आल्यापासून दगडाबाईंच्या तोंडून ही हाक कुणी ऐकली नव्हती.

"माझ्या आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर नेलं. खरेदी केली, दगड म्हणली. लोक हसले. पर कुनी तिला म्हनलं नाय, की बाई, मरणाला आवतण देतीस. त्याला चकवायचंच असतं. तिच्याजवळ सूप होतं, माझ्याजवळ ही खुर्ची हाय. शिवम, हात काढ."

शिवमनं हात काढला.

"आन राहता राहिलं माणसाचं," दगडाबाई म्हणाल्या. "एक माणूस जास्त होतंय ना? मग माणूस उतरंल, खुर्ची नाय. मी एसटीनं येते."

"आई, मी जाते एसटीनं," तनुजा पुढं झाली.

"तू लेकराजवळ बस. मालनअक्का, तुम्ही बी बसा. मला सवय हाय." आणि त्या चपला घालून गल्लीच्या तोंडाशी निघाल्यासुद्धा. मागून आप्पा काही म्हणाले. दगडाबाईंनी वळून बघितलं नाही.

महानुभाव आश्रम चौकात पैठणची गाडी मिळाली. दगडाबाईंनी उजव्या बाजूची खिडकी धरली. शेजारची बाई पाटीभर मेथी घेऊन बसली होती.

"पोराची मोटार असंल ना तुमच्या? ही सोन्याची बोरमाळ घालून एसटीत?"

"मोटारीत जागा नव्हती. इथं बघा, बाईमाणसाला अर्धं तिकीट आन पुरी जागा."

बाई हसली. दगडाबाई हसल्या नाहीत. बस नक्षत्रवाडी सोडून पुढं आली तसं त्यांच्या मनात एकच घोळायला लागलं. आपण तर बोलून आलो. पण आपली पाठ वळल्यावर शिवमनं काय केलं असेल? पोरगा तसा गरीब. आप्पा पुन्हा एकदा खेकसले असतील, त्यानं खुर्ची उचलून घरात ठेवली असेल आणि नात पुन्हा त्या मांडीवर. मग आपलं बोलणं गल्लीला करमणूक झाली फक्त. आणि वर जमिनीचा कारभार आप्पांकडे. उद्या त्यांनी शिवमला बांधावर उभं केलं नाही तर?

"नाय केलं तर नाय केलं," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. मेथीवाली दचकली.

मागून येणारी प्रत्येक पांढरी गाडी त्या मान वळवून बघत होत्या. चितेगाव गेलं. म्हैस आली होती ती जागाही गेली. बिडकीनच्या पुढं रस्त्याचं काम होतं, तिथं बस हळू झाली आणि उजव्या अंगानं शिवमची गाडी वर आली.

दगडाबाई खिडकीला नाक लावून बसल्या. पुढं आप्पा, ताठ. त्यांच्या मांडीवर आहेराची पिशवी, डिकीत न मावलेली. मागच्या काचेत, चांगलं वर, संस्कृतीचं डोकं दिसलं. झोपली होती. तोंड उघडं, पट्टा खांद्यावरून, गाल खुर्चीच्या कडेला टेकलेला. गाडी खड्ड्यातून गेली. डोकं जरा हललं आणि पुन्हा तिथंच आलं.

"ती माझी नात," त्या मेथीवालीला म्हणाल्या. "अन् ती तिची खुर्ची."

कार्यालयात पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बायांच्या घोळक्यात एकीनं विचारलंच, "काय दगडाबाई, खुर्ची पुढं आली, तुम्ही मागून?"

"खुर्ची लहान हाय. मला बसत नाय," त्या म्हणाल्या आणि चहा घेतला.

साखर वाटून झाली. पंगत बसायच्या वेळी आप्पा मंडपाच्या खांबाजवळ उभे होते, चार पाहुण्यांत. दगडाबाई जवळून चालल्या होत्या. संस्कृती मधे कुठंतरी लाडू खात होती, तिला आप्पांनी हाक मारली.

"इकडं ये. तुझ्या आजीला सांग, आज गल्लीत माझं नाक कापलं त्यांनी."

संस्कृतीनं तोंडातला लाडू गिळला आणि वळली. "आजी..."

दगडाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला थांबवलं. "तू खा," त्या म्हणाल्या. मग आप्पांकडे बघितलं. "आप्पा, मी इथंच हाय. जे सांगायचं ते मला सांगा. आता लेकराला मधे घालायचं नाय, मांडीवर बी नाय आन बोलन्यात बी नाय."

पाहुण्यांनी नजरा मांडलेल्या ताटांकडे वळवल्या. आप्पांच्या मिशा हलल्या. शेवटी ते थेट त्यांना म्हणाले, "लई बोलायला लागलात तुम्ही."

"व्हय," दगडाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी आप्पा आणि मालनबाईंना गावात सोडायचं होतं, म्हणजे गाडीत पुन्हा एक माणूस जास्त. शिवम किल्ली हातात घेऊन आईजवळ आला. "आई, मी दोन खेपा करतो."

"कशाला पेट्रोल जाळतो? संस्कृतीचा पट्टा लाव आधी. खांद्यावरून, गळ्यावरून नाय." त्यांनी बोट घालून स्वतः बघितलं, दार लावलं, आणि बसस्थानकाच्या रस्त्याला लागल्या.