जागा राखणारे दात

निपाणीहून सकाळच्या मोटारीने चुलतभाऊ बेळगावला आला आणि दारातच उभा राहिला. चपला काढेना. "आक्का गेली, अण्णा," एवढंच म्हणाला... त्याला आता सहा आठवडे झाले.

आक्का माझी थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जाऊ लागली. तिच्या कष्टांवर मी शिकलो, आमच्या घरातला पहिला बी. ए. झालो, मास्तर झालो. वखारीतल्या इतर बायकांसारखी तीही मशेरी लावायची. तव्यावर काळी होईतो भाजलेल्या तंबाखूची ती पूड बोटावर घेऊन दातांना घासायची. पितळी डबी सदा कमरेला. दात दुखला तरी मशेरी, डोकं दुखलं तरी मशेरी.

माझ्या पत्नीच्या दुसऱ्या बाळंतपणात चार वर्षांची कुसुम आक्काकडे राहिली. दोन महिन्यांनी मी आणि पत्नी तिला आणायला निपाणीला गेलो, तर पोरीचा गाल सुजलेला आणि ती उंबऱ्यावर बसून मशेरी घासत होती! आक्काने लाडाने रोज झोपताना तिच्या तोंडात गुळाचा खडा दिलेला. दाढ ठणकू लागली तशी वर चिमूटभर मशेरी. पण दोष तिचा एकटीचा नव्हता. त्या दाढेवरचा काळा डाग मी बेळगावातच पाहिला होता आणि दुधाचीच आहे, पडेल, म्हणून सोडून दिला होता.

"पडणारच, मास्तर, पण आपल्या वेळेला," निपाणीच्या दवाखान्यात दाढ काढताना दातांचे डॉक्टर मला म्हणाले. "पक्क्या दातांची जागा राखून बसलेत ते. हे आधीच गेले की मागचे वेडेवाकडे येतात."

"म्हंजे मोटारीत टावेल टाकून जागा धरत्यात तसं म्हणा की!" आक्का म्हणाली. डॉक्टर हसले. मग तिच्या डबीकडे बोट करून म्हणाले, "आणि हे विष पोरीला पुन्हा दाखवू नका."

आक्काच्या घरी परत येताच पत्नीने स्पष्ट सांगितलं, "वन्सं, ती डबी हाय तवर कुसुम हितं ऱ्हायाची न्हाय."

कुसुमशिवाय आक्काला दुसरं होतं कोण? परसात जाऊन तिने डबी उकिरड्यावर उपडी केली. पुढचे काही महिने तिचं डोकं दुखायचं, ती कुणावरही खेकसायची. वखारीतल्या बायका चिडवायच्या, "आक्का, भावाच्या पोरीपायी बामणीण झालीस व्हय गं?" तरी तिने बोट लावलं नाही. दिवाळीला पत्नीने स्वतः कुसुमला तिच्याकडे नेऊन सोडलं.

मग आक्काच वखारीतल्या तान्ह्या पोरांच्या आयांना सांगत सुटली. पहिला दात दिसला की ओल्या फडक्यानं पुसा, झोपताना तोंडात गोड ठेवू नका, दुखायची वाट न बघता दाखवा. कुसुमला सहावं लागलं तेव्हा मागे उगवलेली नवी दाढ आधी तिलाच दिसली. "ही पडायची न्हाय रं," ती मला म्हणाली, "जलमभराची हाय. डाक्टरांनी सांगितलंय." मी पुन्हा दुधाचीच समजलो होतो...

तेराव्यानंतर आक्काच्या कोनाड्यात ती डबी सापडली. आत तिच्या जुन्या लुगड्याचे स्वच्छ धुतलेले चौकोनी तुकडे. तंबाखूचा वास मात्र पितळेला धरून राहिलेला. पत्नीने ती राखेने घासली, उकळत्या पाण्यात टाकली, पुन्हा हुंगली.

"जात न्हाय ओ," ती म्हणाली. मग डबी पदराने कोरडी करत म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

तुकडे तिने उकळून वाळवले. डबी रिकामीच आमच्या घरी फळीवर आहे. रोज संध्याकाळी नऊ वर्षांची कुसुम त्या तुकड्यांतला एक ओला करते, सगळ्यांत धाकट्या, आठ महिन्यांच्या भावाला मांडीवर घेते आणि त्याचे नवे दोन दात पुसताना हुबेहूब आक्काच्या आवाजात म्हणते, "आ कर रं. जागा धरून बसल्यात का बघू दे."